आयुष्यभर लग्न न केलेले इब्न तैमिया तलाकच्या शपथेपायी तुरुंगात का गेले?

ऑगस्ट १३२०. दमास्कसच्या सुभेदाराच्या वाड्यात काझी आणि मुफ्तींची बैठक बसली होती. समोर होते ५७ वर्षांचे इब्न तैमिया. त्यांच्यावर चोरीचा आरोप नव्हता की बंडाचा नव्हता. रागाच्या भरात किंवा बोलण्याच्या ओघात घेतलेली तलाकची शपथ मोडली, तरी त्यामुळे लग्न मोडत नाही, असा फतवा ते देत होते. सुलतानाने मनाई केल्यानंतरही देत होते. बैठक संपली आणि त्यांची रवानगी शहरातल्या किल्ल्यात, तुरुंगात झाली.

विशेष म्हणजे, दुसऱ्यांचे संसार वाचवणारा फतवा देऊन तुरुंगात गेलेल्या या माणसाने स्वतः कधीच लग्न केलं नव्हतं.

इब्न तैमिया हे नाव आज बहुतेक वेळा धार्मिक कट्टरतेच्या चर्चेत येतं. त्याला कारणंही आहेत, ती आपण पुढे बघूच. पण त्यांच्या आयुष्यातलं हे तलाकचं प्रकरण फार कमी जणांना माहीत असतं. बोलता बोलता आपल्या तोंडून काही निघून गेलं का, त्यामुळे आपला निकाह तुटला का, या शंकेने आजही अनेकांची झोप उडते. त्यामुळे सातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट समजून घेणं महत्त्वाचं आहे.

पुस्तकांची गाडी घेऊन पळालेलं कुटुंब

इब्न तैमियांचं पूर्ण नाव तकीउद्दीन अहमद. जन्म जानेवारी १२६३ मध्ये हर्रान इथे झाला. हे गाव आज तुर्कस्तानच्या आग्नेय भागात येतं. घराणं विद्वानांचं होतं. आजोबा मज्दुद्दीन हे हंबली पंथाचे नावाजलेले फकीह, म्हणजे धर्मकायद्याचे जाणकार होते.

अहमद सहा वर्षांचे असताना मंगोलांच्या भीतीने कुटुंबाने गाव सोडलं. रात्रीच्या अंधारात, पुस्तकांनी भरलेली गाडी ओढत ते निघाले आणि १२६९ मध्ये दमास्कसला पोहोचले. तिथे वडील अब्दुल हलीम यांना हदीस शिकवणाऱ्या एका मदरशाचं प्रमुखपद मिळालं.

१२८४ मध्ये वडील गेले. त्यांची जागा २१ वर्षांच्या अहमद यांना मिळाली. फतवे द्यायला तर त्यांनी त्याआधीच सुरुवात केली होती. त्यांच्या गुरूंमध्ये झैनब बिन्त मक्की यांच्यासारख्या हदीस शिकवणाऱ्या स्त्रियाही होत्या.

त्या काळी सीरिया आणि इजिप्तवर मामलुक सुलतानांचं राज्य होतं. १२९९ च्या अखेरीस मंगोल इल्खान गाझानच्या फौजांनी मामलुकांना हरवलं आणि दमास्कस उघडं पडलं. शहराला अभय मागण्यासाठी जे शिष्टमंडळ गाझानला भेटायला गेलं, त्यात इब्न तैमिया होते. १३०३ मध्ये मंगोल पुन्हा आले, तेव्हा ते सैनिकांसोबत रणांगणावर होते. रमजानचा महिना होता. लढणाऱ्यांनी रोजा सोडावा असा फतवा त्यांनी दिला आणि स्वतःही सगळ्यांसमोर खाल्लं.

त्यांना मानणारे बरेच होते, तसे शत्रूही बरेच होते. बोलणं परखड, काही वेळा बोचरं. ईश्वराच्या गुणांबद्दलच्या त्यांच्या मतांवरून १३०६ मध्ये त्यांना कैरोच्या किल्ल्यात डांबलं गेलं. सोबत दोन भाऊही होते. त्यानंतर कधी कैद, कधी नजरकैद, कधी सुटका असं करत सात वर्षं इजिप्तमध्येच गेली. याच काळात त्यांनी दमास्कसमधल्या आईला पत्र लिहून लांब राहावं लागत असल्याबद्दल क्षमा मागितली होती. १३१३ मध्ये ते परत आले.

आणि मग सुरू झालं तलाकचं प्रकरण.

तलाकची शपथ म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे लोक आईची शपथ घेतात, देवाची शपथ घेतात. मामलुक काळातल्या शहरांमध्ये लोक तलाकची शपथ घ्यायचे.

म्हणजे कसं? पाहुणा जेवायला नाही म्हणतोय, तर यजमान म्हणायचा की तू जेवला नाहीस तर माझ्या बायकोला तीन तलाक. दुकानदार म्हणायचा, हे कापड मी इतक्याला घेतलं नसेल तर माझ्या बायकोला तलाक. नवराबायकोचं भांडण झालं की नवरा म्हणायचा, तू पुन्हा माहेरी गेलीस तर तुला तलाक.

यातल्या कुणालाच बायकोला सोडायचं नसायचं. आपलं बोलणं पक्कं आहे हे दाखवायला माणूस सगळ्यात मोठी गोष्ट पणाला लावायचा.

पण पाहुणा खरंच न जेवता गेला तर?

त्या वेळी सुन्नी मुसलमानांचे चार प्रमुख पंथ होते, जे आजही आहेत: हनफी, मालिकी, शाफिई आणि हंबली. चारही पंथांतल्या बहुतेक फकीहांचं मत एकच होतं. अट घातली, अट पूर्ण झाली, की तलाक झाला. मनात काय होतं हा प्रश्नच येत नाही.

त्यातही तीनचा आकडा उच्चारला असेल तर परतीची वाटच बंद. मग त्या स्त्रीने दुसऱ्या पुरुषाशी लग्न करायचं, ते लग्न प्रत्यक्षात नांदायचं, तेही संपायचं आणि त्यानंतरच ती पहिल्या नवऱ्याशी पुन्हा निकाह करू शकणार. आपल्याकडे हे हलाला या नावाने ओळखलं जातं. नियमाप्रमाणे ते दुसरं लग्न खरं असायला हवं. प्रत्यक्षात मात्र ठरवून केलेली नावापुरती लग्नं व्हायची.

थोडक्यात, शपथ घ्यायचा नवरा आणि किंमत मोजायची बायको. तिने काही केलेलं असो वा नसो.

इब्न तैमियांनी काय वेगळं सांगितलं?

इब्न तैमिया स्वतः हंबली परंपरेतले. पण त्यांनी मूळ ग्रंथांकडे परत जाऊन एक साधा प्रश्न विचारला. या माणसाला तलाक हवा आहे का?

त्यांनी अटीच्या तलाकचे दोन भाग केले.

पहिला प्रकार म्हणजे खरी अट. अमुक घडलं तर मला हे लग्न नकोच, असं माणसाच्या मनात खरोखर असतं. ते घडलं तर त्याला तलाक हवाच असतो. अशा वेळी तलाक लागू होतो.

दुसरा प्रकार म्हणजे शपथ. इथे माणसाला कुणाला तरी अडवायचं असतं, कुणाकडून काही करून घ्यायचं असतं किंवा आपलं म्हणणं खरं आहे हे पटवायचं असतं. तलाक ही त्याला सगळ्यात नकोशी गोष्ट असते, म्हणून तर तो ती पणाला लावतो. इब्न तैमियांच्या मते हा तलाकच नाही. ही शपथ आहे आणि ती मोडली तर शपथ मोडल्याचं जे प्रायश्चित्त कुराणात सांगितलं आहे, ते करायचं.

याला कफ्फारा म्हणतात. दहा गरिबांना जेवू घालायचं किंवा कपडे द्यायचे किंवा एका गुलामाला मुक्त करायचं. यातलं काहीच शक्य नसेल तर तीन दिवस रोजे ठेवायचे. विषय संपला. लग्न जागेवर.

त्यांनी आणखी एक मत मांडलं. एका दमात दिलेले तीन तलाक एकच मोजायचे. आजोबा मज्दुद्दीनही खासगीत असं मत द्यायचे, असं ते सांगत. ठरवून केलेल्या हलालाविरुद्ध तर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

मग यात सुलतानाला अडचण काय होती?

पहिली अडचण विद्वानांची. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न शतकांपूर्वी सुटलेला होता. एका माणसाने उठून तो पुन्हा उघडायचा हे त्यांना मान्य नव्हतं. शाफिई विद्वान तकीउद्दीन अस-सुबकी यांनी या विषयावर इब्न तैमियांच्या खंडनाचा ग्रंथ लिहिला. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. शब्द सगळ्यांना ऐकू येतात, मनातलं कुणाला दिसत नाही. हेतूवर निकाल द्यायचा ठरलं, तर कुणीही उद्या म्हणेल की माझ्या मनात तसं नव्हतं.

दुसरी अडचण राजकीय होती. सत्तेशी निष्ठेची शपथ घेताना तलाकची अट घालायची पद्धत फार जुनी होती. मी बंड केलं तर माझ्या बायकांना तलाक, असं माणसाकडून वदवून घेतलं जायचं. आठव्या शतकात मदिनेत इमाम मलिक यांना फटके मारले गेले होते. त्यांचं मत होतं की बळजबरीने वदवलेला तलाक लागू होत नाही. परंपरेनुसार, राज्यकर्त्यांना या मतात धोका दिसला. कारण तलाक लागू होत नसेल, तर जबरदस्तीने घेतलेली निष्ठाही लागू होणार नाही.

दहा गरिबांना जेवू घालून तलाकची शपथ सुटत असेल, तर तिचा धाक उरणार कुठे?

१३१८ मध्ये दमास्कसच्या हंबली काझींनी इब्न तैमियांना या विषयावर फतवे देऊ नका असा सल्ला दिला. त्यांनी तो मानला. पाठोपाठ कैरोहून सुलतान अन-नासिर मुहम्मद यांचा मनाई हुकूम आला. पण लोक येत राहिले. कुणी काहीतरी बोलून बसला होता, कुणाचा संसार अधांतरी होता. आपल्याला ठाऊक असलेलं लपवून ठेवता येणार नाही, असं म्हणत इब्न तैमियांनी पुन्हा फतवे द्यायला सुरुवात केली.

१३१९ मध्ये त्यांना पुन्हा बजावण्यात आलं. १३२० मध्ये तुरुंग. पाच महिने आणि अठरा दिवसांनी, फेब्रुवारी १३२१ मध्ये, सुलतानाच्याच हुकमाने ते सुटले.

शंकेने पछाडलेल्या माणसाचं काय?

आता या प्रकरणाची दुसरी बाजू बघूया.

एका वाक्याने लग्न मोडू शकतं असं मनावर बिंबलं असेल, तर काही लोकांचं डोकं त्याच वाक्यात अडकून पडतं. तीन वर्षांपूर्वी भांडणात आपण नेमकं काय बोललो? त्यात जर हा शब्द होता का? बायको त्या दिवशी त्या घरी गेली, म्हणजे अट पूर्ण झाली का? आत्ता मनात तलाक हा शब्द आला, तो ओठांवर तर आला नाही ना?

मग तो माणूस एका मुफ्तीला विचारतो. काही झालेलं नाही, असं उत्तर मिळतं. तासभर बरं वाटतं. मग वाटतं, आपण प्रश्न नीट सांगितलाच नाही. तो दुसऱ्या मुफ्तीकडे जातो.

इस्लामी परंपरेत याला वसवसा म्हणतात. मराठीत याच्या सगळ्यात जवळचा शब्द मंत्रचळ. पुन्हा पुन्हा हात धुणारा, कुलूप लावलंय का हे दहादा बघणारा माणूस आपल्याला माहीत असतो. धर्माच्या नियमांबाबतही हेच होऊ शकतं.

जुन्या फकीहांना हा प्रकार चांगलाच ठाऊक होता. बगदादचे हंबली विद्वान इब्न अकील यांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. एक माणूस त्यांच्याकडे आला. आपण कितीतरी वेळा पाण्यात बुडी मारतो, तरी अंग भिजलं की नाही याची शंका राहते, असं त्याने सांगितलं. इब्न अकील यांनी त्याला नमाजातूनच सूट देऊन टाकली. वेड्यावर नमाजाची सक्ती नसते, आणि पाण्यातून बाहेर येऊन पाणी लागलं का असं विचारणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. आज हे बोलणं कठोर वाटेल. पण त्यामागचा विचार स्पष्ट होता. शंका ऐकून घेत बसलं की ती वाढत जाते.

इब्न तैमियांनीही वसवशावर लिहिलं. नमाजाआधी नियत म्हणजे हेतू पुन्हा पुन्हा पुटपुटणाऱ्यांवर त्यांनी टीका केली. हेतूची जागा मनात आहे, तो बोलून पक्का करत बसायची गरज नाही, असं ते सांगत. त्यांचे शिष्य इब्न अल-कय्यिम यांनी वसवशावर प्रदीर्घ लेखन केलं आणि रागाच्या भरात दिलेल्या तलाकवर वेगळी पुस्तिका लिहिली.

पण इथे एक मेख आहे. इब्न तैमियांनी निकालाचं वजन शब्दांवरून हेतूवर नेलं. साध्या माणसाला यात मोठा दिलासा होता, कारण आपल्याला बायकोला सोडायचं नव्हतं हे त्याला पक्कं माहीत असतं. मंत्रचळ लागलेल्या माणसाला मात्र हेतूचीही शंका येते. तेव्हा मला खरंच तलाक नको होता का? की मनाच्या कोपऱ्यात हवा होता? म्हणजे शब्दांची चौकशी संपते आणि हेतूची चौकशी सुरू होते.

म्हणून अशा माणसाच्या कामाला येतो तो इस्लामी कायद्यातला आणखी एक जुना नियम, आणि तो चारही पंथांना मान्य आहे. खात्रीची गोष्ट शंकेने रद्द होत नाही. निकाह झाला ही खात्री. तलाक झाला असेल ही शंका. त्यामुळे निकाह कायम. सिद्ध करावं लागतं ते लग्न मोडल्याचं. लग्न टिकून असल्याचा पुरावा रोज गोळा करायचा नसतो.

नुसता मनात आलेला विचार म्हणजे तलाक नाही, हेही बहुतेक फकीहांना मान्य आहे. इतकंच काय, वसवसा जडलेल्या माणसाचा तलाक लागू होत नाही, हे पैगंबरांचे सहकारी उक्बा इब्न आमिर यांचं मत नवव्या शतकातल्या सही बुखारी या हदीससंग्रहात नोंदवलेलं आहे.

कागद, शाई, लेखणी सगळं काढून घेतलं

१३२१ मध्ये सुटलेल्या इब्न तैमियांना पाच वर्षंच मोकळी मिळाली. जुलै १३२६ मध्ये कबरींच्या यात्रेविषयीच्या मतांवरून त्यांना पुन्हा दमास्कसच्या किल्ल्यात टाकलं. शिष्य इब्न अल-कय्यिम यांची आधी गाढवावर बसवून धिंड काढली, मग त्यांनाही कैदेत टाकलं.

इब्न तैमिया तुरुंगातही लिहीत राहिले. म्हणून १३२८ मध्ये त्यांच्याकडची पुस्तकं, कागद, शाई आणि लेखणी काढून घेण्यात आली. मग त्यांनी कोळशाने लिहिलं. २६ सप्टेंबर १३२८ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्याच किल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला.

अंत्ययात्रेच्या दिवशी दमास्कसची दुकानं बंद होती. गर्दीचे त्या काळातले अंदाज साठ हजारांपासून दोन लाखांपर्यंत जातात. त्यात सुमारे पंधरा हजार स्त्रिया होत्या, असं त्यांचे शिष्य आणि इतिहासकार इब्न कसीर यांनी लिहून ठेवलंय.

ते सुधारक होते का?

आजच्या अर्थाने नाही. शिया पंथीयांविरुद्ध आणि अलवी समाजाविरुद्ध त्यांनी अत्यंत कडक फतवे दिले. लेबनॉनच्या किस्रवान डोंगरातल्या लष्करी मोहिमांना त्यांनी पाठिंबा दिला. मुसलमान झालेल्या मंगोलांविरुद्ध लढणं योग्य आहे, या त्यांच्या फतव्याचा आधार विसाव्या शतकापासून अनेक हिंसक संघटनांनी घेतला. ही बाजू झाकून त्यांचं आयुष्य सांगता येत नाही.

तलाकबद्दलही त्यांचा मुद्दा स्त्रियांच्या हक्कांचा नव्हता. धर्मग्रंथ नेमकं काय सांगतात, एवढाच त्यांचा मुद्दा होता. पण त्या मतामुळे अनेक स्त्रियांचे संसार नवऱ्याच्या एका वाक्याने मोडायचे वाचले, हेही तितकंच खरं.

सहाशे वर्षांनी कायद्यात

१९२९ मध्ये इजिप्तने २५ क्रमांकाचा कायदा केला. काही करायला लावण्यासाठी किंवा करण्यापासून अडवण्यासाठी घातलेल्या अटीचा तलाक लागू होणार नाही आणि आकडा जोडून दिलेला तलाक एकच धरला जाईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. १९५३ मध्ये सीरियाच्या कौटुंबिक कायद्यातही हीच दिशा घेतली गेली. ज्या दमास्कसने या मतासाठी इब्न तैमियांना कैद केलं, त्याच दमास्कसमधून हा कायदा निघाला.

भारतात चर्चा मुख्यतः एका दमात दिलेल्या तीन तलाकची झाली. महाराष्ट्रात १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने तत्काळ तीन तलाक रद्द ठरवला आणि २०१९ मध्ये तो गुन्हा ठरवणारा कायदा आला. इजिप्तप्रमाणे अटीच्या शपथेबद्दल वेगळं कलम मात्र या कायद्यात नाही. हा कायदा तत्काळ आणि मागे न घेता येणाऱ्या तलाकपुरता आहे.

आणि ज्यांना आजही ही शंका छळते?

खरोखर काही घडलं असेल, तर एका जाणत्या आणि विश्वासाच्या व्यक्तीला एकदाच विचारावं आणि मिळालेल्या उत्तरावर थांबावं. पण तोच प्रश्न दहाव्यांदा विचारावासा वाटत असेल, रोज जुनी वाक्यं आठवून तपासावीशी वाटत असतील, तर प्रश्न फतव्याचा उरलेला नाही. मानसोपचारात याला ओसीडी म्हणतात. यावर औषधं आहेत आणि शंका आली तरी तपासायला न जाण्याचा सराव करून घेणारी थेरपीही आहे. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हे सांगायला लाज वाटण्याचं कारण नाही. नऊशे वर्षांपूर्वी इब्न अकील यांच्यासमोर बसलेल्या माणसालाही हाच त्रास होता. फरक इतकाच, की त्याच्या काळी डॉक्टरकडे यावर औषध नव्हतं.